ड्रिलवरचं बफिंग किट: आठ महिने, एक नट आणि आईचे बिबडे

ड्रिलला चाक लावून धातू घासून चमकवायच्या, फेब्रुवारीत 549 रुपयांना घेतलेल्या या किटला मी तेव्हा चार तारे दिले होते. परवा चालू ड्रिलवरून चाक निसटलं आणि पेट्रोलच्या टाकीचा टवका उडाला, म्हणून पुन्हा लिहितोय.

गाडी 2012 ची रॉयल एनफील्ड क्लासिक 350. इंजिनाच्या कव्हरांवरचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पिवळं पडून पापुद्रे सुटले होते, खाली पांढरी भुकटी. जळगावात पॉलिशवाल्यानं दोन्हींचे 1800 सांगितले, उतरवायची मजुरी आणि गॅस्केट वेगळं. एवढे पैसे चमकण्यासाठी? नाही जमत.

पेंट रिमूव्हरनं लॅकर दहा मिनिटांत फुगलं. मावसभावाचं ऐकून ब्रेकचा लीव्हर मात्र कॉस्टिक सोड्यात बुडवला. बुडबुडे बघून खूश झालो, पण सुटत होता तो मळ नव्हता, अॅल्युमिनियमच विरघळत होतं. लीव्हर काळाठिक्कर!

चमक किटमुळे आली असं तेव्हा लिहिलं होतं. ते खोटं. चमक आणली वॉटर पेपरनं: 240, 400, 600, 800, 1000, मग 1500. प्रत्येक नंबरला दिशा आडवी बदलायची, आधीचे ओरखडे दिसेनासे होईस्तोवर पुढे जायचं नाही. दोन रविवार गेले, बोटांची सालं निघाली. घाईत 400 वरून थेट 1000 वर गेलो तो कोपरा अजून उन्हात रेघा दाखवतो. चाकाचं काम शेवटच्या अर्ध्या तासाचं. आधी तपकिरी साबण (चाकाला लावायची पॉलिशची वडी), मग दुसऱ्या चाकावर पांढरा. दोन्हीला एकच चाक वापरलं की पांढऱ्याचा उपयोग शून्य.

चाकातून काळे धागे आणि साबणाचे कण उडतात. मास्क, चष्मा लावाच. मी लावला होता, आईच्या बिबड्यांनी (ज्वारीच्या पापडांनी) नव्हता. एप्रिलचं ऊन, अंगणात खाटेवर ओले बिबडे, आणि मी वाऱ्याच्या बाजूला. "हाई काय करी ऱ्हायना रे तू?" तीळ समज म्हणायचीही सोय नव्हती, तीळ तिनं मोजून टाकलेले.

आता मुख्य तक्रार, तो नट. चाक धरणारा नट दर पाच मिनिटांनी ढिला होतो. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं, "वापरलेला माल परत नाही." अरे, न वापरता ढिला कसा कळेल?

पावसाळ्यानंतर कव्हरं मंदावली. पुन्हा लॅकर मारणार होतो, पण तेच परत पिवळं होणार. आता महिन्यातून एकदा मेटल पॉलिश, वर मेणाचा हात.

दोन तारे. हार्डवेअरवाल्याकडून चार रुपयांचा नायलॉनवाला नट आणून बसवलाय, तो हलत नाही. म्हणून अडीच. टाकीचा रंग 700 सांगितलाय.