एकच क्रमांक, दोन ध्वनिमुद्रणं: एचएमव्ही सी १३२९

मुलांच्या कॉयरच्या (चर्चमधल्या गायकवृंदाच्या) जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या जमवणाऱ्याच्या हाती बहुधा सगळ्यात आधी हीच पडते. बारा इंची, जांभळट लेबल, लंडनच्या टेम्पल चर्चचा कॉयर, ऑर्गनवर जॉर्ज थालबेन-बॉल आणि एकल आवाज ‘मास्टर ई. लफ’ या मुलाचा. मेंडेलसोनचं ‘हिअर माय प्रेअर’ दोन बाजूंत विभागलेलं आहे; लोकांनी डोक्यावर घेतलेला ‘ओ फॉर द विंग्ज ऑफ अ डव्ह’ हा भाग दुसऱ्या बाजूवर. शेवटचा सूर लावताना हा मुलगा गेला, अशी वावडी पुष्कळ वर्षं फिरत होती. अर्नेस्ट लफ २००० सालापर्यंत जगले.

आवाज अजूनही थक्क करतो. एचएमव्हीच्या फिरत्या गाडीने हे ध्वनिमुद्रण स्टुडिओत नव्हे, चर्चमध्येच केलं, त्यामुळे वास्तूची घुमही सुरांसोबत ऐकू येते.

घोळ पुढे आहे. १९२७चा मास्टर, म्हणजे छपाईचा मूळ साचा, इतक्या खपाने झिजला आणि १९२८ मध्ये सगळं पुन्हा गाऊन घेतलं. क्रमांक मात्र तोच ठेवला. म्हणून ‘१९२७ची मूळ प्रत’ या विक्रेत्याच्या शब्दाला नुसत्या लेबलावरून काही अर्थ नाही. तबकडी तिरप्या उजेडात धरा. लेबलाच्या खालच्या कडेबाहेर, घड्याळाच्या सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) आणि त्यापुढे टेकचा (कितव्यांदा गाऊन घेतलं त्याचा) आकडा असतो. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे टिपून घ्या. शेजारचा छोटा त्रिकोण वेस्टर्न इलेक्ट्रिक या विद्युत ध्वनिमुद्रण पद्धतीची खूण आहे; तो दोन्ही वर्षांत चालतो, त्याच्यावरून साल ठरवू नका.

इंग्लंडच्या हेस कारखान्यातल्या छपाईत नऊच्या जागी मदरचा (मास्टरवरून घेतलेल्या प्रतीचा) आकडा आणि तीनच्या जागी स्टँपरची (प्रत्यक्ष छापणाऱ्या साच्याची) अक्षरं असतात. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी म्हणजे १ ते ९, आणि डी म्हणजे शून्य. ‘एमपी’ दिसलं तर स्टँपर ४६वा. पण अक्षर लहान आकड्याचं, म्हणजे आधीच्या छपाईचं, निघालं म्हणून लगेच हुरळू नका. नव्या मास्टरबरोबर ही मोजणीही नव्याने सुरू होते. लेबलावर दमदम (कोलकात्याजवळचा कारखाना) असेल तर फक्त छपाई भारतातली.

प्रत निवडताना आधी दुसरी बाजू बघा. लोक तीच जास्त वाजवत, तीही पोलादी सुईने. खाच राखाडी दिसली की वरच्या सुरांवर आवाज फाटणार हे नक्की. एलपीची सुई लावू नका, ती खाचेच्या तळाशी जाऊन खरखर उचलते. ०.००३ इंचाची लागते. झिजलेल्या प्रतीवर ०.००२८ किंवा ०.००३५ लावून बघा, खाचेचा कमी झिजलेला भाग कधी कधी सापडतो. आरआयएए (एलपीसाठीच्या ध्वनिसमतोलाच्या) प्रीअँपवर हा आवाज दबलेला वाटतो. बासचा टर्नओव्हर (ज्या कंपनसंख्येखाली बास वाढवला जातो ती) २५० हर्ट्झच्या आसपास आणि ट्रेबलची (वरच्या सुरांची) कपात शून्य ठेवली की आवाज मोकळा होतो. वेग तपासायला ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघांची स्ट्रोब चकती (योग्य वेगाला तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात) पुरते.

धुताना स्पिरिट अजिबात नको, शेलॅक (तबकडीतली लाख) विरघळतं. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण, लेबल कोरडं.

प्रती मुबलक आहेत. त्यामुळे विक्रेता मॅट्रिक्सचा फोटो पाठवायला तयार नसेल, तर ‘मूळ’ या शब्दाचे जादा पैसे मोजू नका.