एनजेसीची नोकरी-मूल्यमापन योजना: मोजते चोख, पगाराचं बोलत नाही

पाचपैकी साडेतीन तारे. तेही थोडं हात आखडूनच.

इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, मूल्यमापन पॅनेलवर मी युनियनतर्फे बसते. कौन्सिलचं नाव सांगत नाही, तिथेच अजून नोकरी करायची आहे. एनजेसी म्हणजे नॅशनल जॉइंट कौन्सिल, स्थानिक प्रशासनातला मालकपक्ष आणि युनियन यांचं संयुक्त मंडळ. कोणत्या कामाचं वजन किती, हे गुणांत मोजायची त्यांची ही योजना लागू झालेल्या लोकांच्या तक्रारी मी ऐकते आणि मोजणीही करते, म्हणून हे परीक्षण.

आधी वस्तूची ओळख. १९९७ साली स्थानिक प्रशासनातला मालकपक्ष आणि युनियन यांच्यात ‘सिंगल स्टेटस’ करार झाला. त्याआधी कचेरीतल्या लोकांचे सेवानियम वेगळे होते आणि सफाई, स्वयंपाक, कचरागाडी, घरोघरची शुश्रूषा करणाऱ्यांचे वेगळे. हातकामवाल्यांचा आठवडा ३९ तासांचा, कारकुनांचा ३७ तासांचा. करारानं सगळ्यांना एकाच नियमावलीत, म्हणजे ग्रीन बुकात आणलं आणि हातकामवाल्यांचे तास ३७ वर आणले. तासांचं जमलं. पगाराची श्रेणी मात्र प्रत्येक कौन्सिलनं आपापल्या युनियनशी बसून ठरवायची होती. आपल्याकडे वेतन आयोग वरून येतो तसं इथे नव्हतं. वरून आली ती फक्त मोजपट्टी, आणि एनजेसीची ही योजना म्हणजेच ती मोजपट्टी.

तिचे निकष तेरा, एकूण गुण १०००. ज्ञान, बौद्धिक कौशल्य, संवाद, हाताचं कौशल्य, स्वतःहून निर्णय घेणं. मग शारीरिक, मानसिक आणि भावनिक ताण. मग माणसांची, हाताखालच्यांची, पैशाची, मालमत्तेची जबाबदारी. शेवटी कामाची परिस्थिती. कर्मचारी प्रश्नावली भरतो, साहेब सही करतो, आणि व्यवस्थापन व युनियन दोघांची माणसं एकत्र बसून प्रत्येक निकषाला पातळी देतात. माणसाला नाही हं, कामाला. माणूस कामसू की आळशी, हे इथे कुणी विचारत नाही. नव्या लोकांना हे पटवून देण्यातच पहिली बैठक जाते.

मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे भावनिक ताणाला आणि लोकांच्या जबाबदारीला इथे स्वतंत्र घर आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना रोज आंघोळ घालणारी, त्यांच्या शिव्या खाणारी, तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर दार वाजवणारी बाई. पूर्वी तिचं काम ‘बायकांना येतंच ते’ या खात्यात जायचं. इथे त्याला पातळी मिळते आणि गुणही. लोकांच्या जबाबदारीला जास्तीत जास्त ७८ गुण आहेत, पैशाच्या जबाबदारीलाही तेवढेच. गल्ल्यावर बसणाऱ्याची आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव सांभाळणारीची जबाबदारी एका तराजूत आली, हे छोटं काम नाही.

आता खटकणारं. ज्ञानाला कमाल १६३ गुण आणि कामाच्या परिस्थितीला ५०. जानेवारीच्या पावसात कचऱ्याचे डबे ओढणाऱ्याला घाण, थंडी आणि रस्त्यावरची शिवीगाळ मिळून पन्नासच्या पुढे काही नाही. पॅनेलवरचे व्यवस्थापनवाले म्हणतात, कुठे तरी रेघ ओढायलाच हवी. ओढा, पण ती ओढणारे सगळे गरम खोलीत बसलेले असतात, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी अडचण प्रश्नावलीची. ज्याला कागदावर लिहिता येतं त्याचं काम मोठं दिसतं. एका शुश्रूषा करणाऱ्या बाईनं औषधांच्या रकान्यात ‘गोळ्या देते’ एवढंच लिहिलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, की गोळी नाकारली तर काय करायचं, पडलेल्या माणसाला उचलायचं की ॲम्ब्युलन्स बोलवायची, हे तिथे एकटीनं तीच ठरवते. म्हणजे ‘स्वतःहून निर्णय’ या निकषात तिची पातळी वर जायला हवी. त्या निकषाला कमाल १०४ गुण आहेत, तेव्हा फरक किरकोळ नव्हता. योजना चांगली, पण विचारणारा कच्चा असेल तर ती कच्चंच मोजते.

आणि सर्वात मोठी गोष्ट: गुण आले की योजना गप्प होते. किती गुणांना कोणती श्रेणी, किती पौंड, हे सगळं वाटाघाटीच्या टेबलावर ठरतं. खरी मारामारी तिथेच झाली. कित्येक कौन्सिलांत कचरावाल्यांना आणि रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना मूळ पगारावर बोनस मिळायचा. त्याच श्रेणीतल्या स्वयंपाकिणी, सफाईवाल्या, शुश्रूषा करणाऱ्या बायकांना नाही. बोनस बंद केला की पुरुषांचा पगार घसरतो, म्हणून काही वर्षं तो टिकवण्याचं ‘पगार-संरक्षण’ द्यायचं. आणि बायकांना इतकी वर्षं कमी मिळालं त्याची थकबाकी? पैसा एकच, मागणारे दोन. मिडल्सब्रो कौन्सिलमध्ये जीएमबी युनियननं बायकांना कमी थकबाकीवर तडजोड करायला लावली आणि बाकीच्यांचं संरक्षण राखलं. २००८ मध्ये अपील न्यायालयानं हा अप्रत्यक्ष लिंगभेद ठरवला. युनियनवाली म्हणून हे लिहिताना मला गुदगुल्या होत नाहीत, पण तडजोडीला बसणाऱ्या प्रत्येकानं तो निकाल वाचावा.

घोळ लांबला की काय होतं, ते बर्मिंगहॅम कौन्सिलकडे बघा. २०१२ मध्ये तिच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं समान वेतनाचे दावे दिवाणी न्यायालयातही सहा वर्षांच्या मुदतीत चालतील असं सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कौन्सिलनं ११४ कलमाची, म्हणजे खर्चाला पैसा पुरत नाही असं जाहीर करणारी, नोटीस काढून अत्यावश्यक सोडून नवा खर्च थांबवला. समान वेतनाची देणी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. मोजणीला लागणारा वेळ आणि पैसा महाग वाटत असेल, तर त्या बिलाशी तुलना करून पाहा.

एक तारा गेला तो परिस्थितीच्या पन्नास गुणांसाठी. अर्धा प्रश्नावलीसाठी. पगाराचं न बोलण्याबद्दल काही कापलेलं नाही. ते काम आमचं.

तुमच्या कामाचं मूल्यमापन येणार असेल तर ‘मदत करते’ हे शब्द लिहू नका. काय ठरवता, कुणाला न विचारता ठरवता, चुकलं तर कुणाचं नुकसान होतं, ते लिहा. साहेबाची सही व्हायच्या आधी युनियनच्या प्रतिनिधीला दाखवा. भरलेल्या प्रश्नावलीची प्रत स्वतःकडे ठेवा, अपील तिच्यावरच लढवायचं असतं.