एसी घ्यावा का कूलरवरच राहावं? दोन्ही वापरून झालेल्या लातूरकराचा हिशोब

मार्च लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "यंदा एसी घ्यावं म्हणायलोय, का कूलरवरच काढावा उन्हाळा?" आमच्या घरी दोन्ही आहेत, चार उन्हाळे झाले, त्यामुळं मी तज्ज्ञ असल्यासारखं उत्तर देत असतो आणि प्रत्येक वेळी वेगळंच बोलतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. टन, स्टार, इन्व्हर्टर हे सगळं दुकानदार सांगतो, ते इथं नाही. घरात आई, आम्ही दोघं आणि दोन लेकरं, खाली राहतो, वर उघडी गच्ची, दारात कडुलिंबाचं मोठं झाड. तुमचं घर वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता हसाल, पण आम्ही एसी घेतला तो पाण्यापायी, गारव्याचा नंबर नंतर. लातूरच्या माणसाला कूलरमध्ये पाणी ओतताना हात जरा जड होतोच. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी इथं काढलाय त्यांना सांगायला नको, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, नंतर ५० वॅगनची गाडी म्हणजे २५ लाख लिटर. त्या वर्षी आमचा कूलर पत्र्याच्या शेडमध्ये उलटा पडून होता, कारण चालू करायची लाज वाटायची, खरंच सांगतो, शेजारी रांगेत घागरी आणि आपण रात्रभर पाणी हवेत उडवायलोय. तेव्हा डोक्यात बसलं की कूलर म्हणजे पाण्याची नासाडी, एसी म्हणजे निदान पाणी तरी वाचतं. मग पुढं पैसे जमल्यावर घेतला.

घेतल्यावर पहिल्या मे महिन्यात मी जरा हिशोबाच्या नादाला लागलो. कूलरचं सोपं आहे, बादलीनं मोजायचं. आमचा लोखंडी बॉडीचा मोठा कूलर मे महिन्यात रात्रीला तीन-साडेतीन बादल्या पितो, दिवसभर चालला तर आणखी तेवढ्याच. पंधरा लिटरची बादली धरली तर चोवीस तासाला शंभर लिटरच्या आसपास. एसीचं मोजायला मी रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचा फोटो काढायचो, फ्रिज-पंखे वजा करून सहा-सात युनिट, तेही २६ वर ठेवून. कूलरला त्याच वेळात दीड युनिट पण लागत नाही. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, आमच्या घरचं आहे, पण इतका फरक मीटरच्या चुकीनं पडत नसतो.

आणि मग लक्षात आलं की एसी पाणी पीतच नाही हे खरं नाही, फक्त आपल्या घरात पीत नाही. वीज बनवायला पाणी लागतं की! परळीचं थर्मल वीजकेंद्र इथून जवळच, २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं, पण ते कधी माझ्या कूलर-एसीच्या हिशोबात आलंच नव्हतं. जुन्या कोळशाच्या वीजकेंद्रांना २०१५ च्या नियमानं जी मर्यादा घालून दिलीय ती आहे युनिटमागं साडेतीन लिटर. म्हणजे माझ्या एका रात्रीच्या एसीमागं कुठंतरी दीड बादली पाणी वाफ होऊन जायलंय. कूलरच्या साडेतीनपेक्षा ते कमीच, मान्य. पण वर धूर आहे, कोळशाच्या एका युनिटमागं जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड. रात्रीला सहा-सात किलो, फक्त आम्ही पाच जण झोपलो म्हणून.

त्यात दुसऱ्याच वर्षी एसीचा गॅस गळाला. मेकॅनिक आला, भरून गेला, पैसे घेतले, विषय संपला. मी आपलं सहज विचारलं, "आधीचा गॅस गेला कुठं?" तो म्हणाला, "गेला की हवेत." आमच्यात आर-३२ आहे, नव्या बहुतेक एसीत तोच असतो, जुन्या गॅसपेक्षा बरा म्हणतात, तरी शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवणारा. एक किलोभर गेला असेल तर आम्ही वर्षभरात स्कूटर चालवून जेवढं करतो त्याच्यापेक्षा जास्त एका दुपारी करून बसलो, आणि आवाज पण झाला नाही.

पाण्याचं मात्र मला एक उत्तर सापडलं. हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं, साधा गुणाकार आहे. आमचा कूलर अर्ध्या मार्चपासून मिरगापर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सगळा धरून साडेआठ हजार लिटर पीत असेल. गच्चीचा पाइप गाळणीच्या खड्ड्यातून बोअरला सोडलाय, एक-दोन चांगल्या पावसात तेवढं खाली गेलेलं असतं. सगळंच आपल्याच बोअरला परत मिळतं असं नाही, ते जमिनीच्या पोटात कुठं जाईल ते जाईल, पण घेतलं तेवढं खाली सोडल्याचं समाधान आहे. धुराला असा पाइप जोडता येत नाही.

पण खरं सांगू का, एवढे आकडे असूनही मी एसीच वापरत राहिलो असतो. माणूस घामाघूम झाला की आकडे आठवत नसतात. माझं मन फिरलं ते दोन शब्दांनी, "दार लाव."

एसी आला त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य हेच असेल. लेकरू पाणी प्यायला उठलं, दार लाव. आई देवापुढं दिवा लावायला निघाली, दार लावा. मांजर आलं, कोण आलं रे, आधी दार लाव. शेजारच्या काकू पूर्वी दुपारी चारला दारातूनच आवाज देत यायच्या, हातात काहीतरी निवडायला घेऊन बसायच्या, त्या दोनदा बंद दारावर टकटक करून परत गेल्या आणि मग यायच्याच बंद झाल्या, रागानं नव्हे, आपण कुणाची गार हवा घालवायलोय असं त्यांना वाटायला लागलं. पाच खोल्यांच्या घरात आम्ही पाचही जण एका खोलीत, पडदे ओढलेले, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. बारक्याला संध्याकाळी सहाला बाहेर काढायचं म्हणजे कोर्टातून तारीख काढल्यासारखं, "पप्पा बाहेर गरम आहे." बाहेर गरम आहेच बाबा, पण गेल्या वर्षी पण होतं की, तेव्हा तू लिंबाखाली लिंबोळ्या गोळा करत होतास.

आणि मग कुरडया. आईनं तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून कुरडया घातल्या होत्या, गच्चीवर साड्यांवर पसरलेल्या, एक दिवसाचं ऊन खाऊन झालेलं, अजून एक पाहिजे होतं. दुपारी आम्ही सगळे आत, टीव्ही चालू, एसी चालू, पडदा लावलेला. साडेचारला वळीव आला. त्या आधी वारं सुटलं असणार, धुरळा उडाला असणार, लिंबाचं झाड सळसळलं असणार, वर आभाळ काळं झालं असणार, आम्हाला काहीच नाही. गडगडाट मी ऐकला पण टीव्हीतला वाटला. काकूंचे चार मिस्ड कॉल. धावत वर गेलो तर साडीवर नुसता पांढरा चिखल, कुरडईची नक्षी कुठं दिसंना. आई काही बोलली नाही. एक कुरडई बोटानं उचलून बघितली, ती बोटालाच चिकटून आली, मग साडीची चार टोकं धरली आणि खाली घेऊन गेली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "आरं, पाऊस आलेला कळंना असं कसलं घर."

त्या रात्री मी कूलर शेडमधून काढला.

इथं एक गोष्ट, जी मला पण उशिरा कळली. कूलर बंद खोलीत चालतच नाही. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर तासाभरात अंग चिकचिकायला लागतं. एसीचं नेमकं उलटं, फटी बुजवल्या तरच तो काम करतो. बाकी सगळा फरक मला वाटतं इथूनच निघतो. उघड्या खिडकीतून गार हवेबरोबर लिंबाच्या मोहराचा वास येतो, पहाटे कोकीळ ओरडते, मे संपत आला की पावशा "पेर्ते व्हा" करायला लागतो, आणि वळवाचं वारं सुटलं की घरात सगळ्यात आधी कूलरचाच आवाज बदलतो. शिवाय कूलर काही जादू करत नाही, दुपारी ४३ असेल तर आत तिशीच्या आसपास, बरं वाटतं इतकंच, त्यामुळं ऊन उतरलं की माणसं आपोआप ओट्यावर येतात. रात्री बारक्याला घेऊन गच्चीवर बाज टाकतो, उत्तरेला सप्तर्षी, उशिरा दक्षिणेकडून ताऱ्यांचा विंचू वर चढतो, त्याचं शेपूट शोधता शोधता बारका झोपून जातो. हे एसीच्या वर्षी एकदाही झालं नव्हतं. कोणी बंदी घातली नव्हती, झालं नव्हतं एवढंच.

आता कूलरच्या कटकटी, कारण त्या लपवल्या तर तुम्ही मला शिव्या द्याल. बोअरचं पाणी जड, क्षार बसतात, महिन्यात गवत आवळून येतं. आरओचं वाया जाणारं पाणी वापरायची हुशारी मी करून बघितली, दहा दिवसात गवत पापडासारखं कडक, हात लावला की मोडायचं. तेव्हा ते पाणी फरशीला आणि संडासला, कूलरला नाही. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासाव्या लागतात, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, तेवढी सवड द्यायची नाही. आणि करंट! बायकोला एकदा बारीक झटका बसला, तेव्हापासून नियम असा की पिन काढल्याशिवाय पाणी ओतायचं नाही, आणि अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्यायची. लोखंडी कूलर, ओले हात आणि अनवाणी पाय, दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं माणूस जातो. हे हलक्यात घेऊ नका.

आणि मिरग निघाला की कूलर मेला समजा. हवेत ओल आली की तो नुसता घाम गोळा करतो. जूनचे ते दहा-पंधरा दिवस, पाऊस ना धड आला ना धड गेला, तेव्हा एसीला पर्याय नाही, आम्ही पण लावतो.

तसंच घरात तान्हं बाळ असेल, कुणाला दम्याचा त्रास असेल आणि ओल्या गवताचा वास सोसत नसेल, हार्टचं माणूस असेल, किंवा तुम्ही वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला राहात असाल जिथं समोरासमोर खिडक्याच नाहीत, तर माझं ऐकत बसू नका, एसी घ्या. छतावर सोलर बसवलं असेल तर दुपारच्या एसीचा हिशोब पण बदलतो, तीन किलोवॅटला केंद्राची ७८ हजारांची सबसिडी आहे, आमच्या डोक्यात चालू आहे ते. पण रात्रीच्या वेळी ऊन नसतं, तेवढं लक्षात ठेवा. आणि बाहेरचं युनिट कुठं लावता ते बघा, आमच्याच्या समोर कढीपत्त्याचं झाड होतं, दोन आठवड्यात समोरची बाजू वाळून गेली. ते झाड बोललं नाही, काकूंची खिडकी तिथं असती तर त्या बोलल्या असत्या.

सध्या आमच्याकडं असं आहे: गच्चीला फेब्रुवारीत चुना, मार्च ते मे कूलर, जूनमध्ये गरजेपुरता एसी, आणि पाहुणे आले की एसी, कारण पुण्याच्या पाहुण्यांना कूलरपुढं झोपवलं तर आई मलाच बोलते. मला विचाराल तर आधी चांगला कूलर घ्या, समोरासमोर खिडक्या उघडा आणि एक उन्हाळा काढून बघा. एसी पुढच्या वर्षी पण दुकानात असतोच.

गवत मात्र फेब्रुवारीतच बदलून घ्या, एप्रिलमध्ये भाव वाढतो आणि बसवणारा माणूस फोन उचलत नाही. जुनं गवत फेकू नका. आम्ही यंदा गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं, चिमण्यांनी दोन दिवसात अर्धं नेलं, उरलेल्यावर बारका पहारा देत बसला होता.