अणुचाचणीची धूळ किती पडली होती? मातीचे कोअर, जागेवरचं मोजमाप, जुनी चिकट फिल्म की पावसाचं गणित

२५ एप्रिल १९५३ ला अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ‘सायमन’ ही अणुचाचणी झाली. साधारण दीड दिवसाने, साडेतीन हजार किलोमीटरहून लांब, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय-ऑल्बनी भागात वादळी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी ट्रॉयच्या रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमधले गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारी यंत्रं) नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आकडे दाखवू लागले. चाचणीचा ढग डोक्यावरून जाणं वेगळं आणि त्यातली धूळ खाली येणं वेगळं. ट्रॉयमध्ये ती खाली आणली पावसाने.

अशी धूळ, म्हणजे फॉलआउट, एखाद्या जागी किती साचली याचा अंदाज दोन प्रकारच्या लोकांना लागतो. काही जण जुन्या चाचण्यांमुळे माणसांना मिळालेला किरणोत्साराचा डोस शोधत असतात, तर काही जण मातीची धूप मोजायला त्या धुळीतलं किरणोत्सारी सीझियम-१३७ खूण म्हणून वापरतात. दोघांपुढे वाटा त्याच चार आहेत: मातीचे कोअर (नळीने काढलेले उभे नमुने), जागेवरचं मोजमाप, त्या काळी धूळ पकडायला ठेवलेली चिकट फिल्म, आणि पाऊस-मॉडेलचं गणित. मातीत उरलेलं सापडतं, फिल्मवर चिकटलेलं सापडतं आणि मॉडेलमधून पडायला हवं होतं तेवढं निघतं. पडलेलं मात्र थेट कुठेच हाती लागत नाही. म्हणून पद्धत निवडताना तिची अचूकता किती, यापेक्षा तिच्यातली गळती आपल्याला मोजता येते का, हे आधी बघावं.

आधी अणू ठरवा

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ८ दिवसांचं. ८० दिवसांत त्याचा हजारावा भाग उरतो, म्हणजे आज मातीत त्याचा शोध घेणं व्यर्थ. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं. १९६३ च्या सुमारास जगभरचा फॉलआउट शिगेला पोचला होता, त्या वेळी पडलेल्या सीझियमपैकी जवळपास पाव हिस्सा अजून जमिनीत आहे. आयोडीनमुळे थायरॉईडला मिळालेल्या डोसचा प्रश्न असेल तर एकट्या मातीवर विसंबू नका. एकूण संचय हवा असेल तर मातीइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

मातीतलं सीझियम सगळ्या चाचण्यांचं मिळून असतं आणि युरोपात त्यात १९८६ च्या चेर्नोबिलचीही भर पडते. ती वेगळी काढायला सीझियम-१३४ कामी यायचं, पण त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांचं, ते केव्हाच संपलं. आता प्लुटोनियम-२४० आणि २३९ चं गुणोत्तर बघतात. जागतिक फॉलआउटमध्ये ते ०.१८ च्या आसपास असतं, नेवाडाच्या धुळीत त्याहून बरंच कमी.

मातीचे कोअर

जागा सपाट, मोकळी, गवताळ आणि १९५० नंतर न नांगरलेली हवी. झाडाखाली, पागोळ्यांच्या रेषेत किंवा पाणी साचणाऱ्या खळग्यात कोअर घेऊ नये. साधारण ९ सेंमी व्यासाची पोकळ नळी घेऊन एका ओळीत १० कोअर, ३० सेंमी खोलीपर्यंत. वरचे ५ सेंमी आधी कडं ठोकून वेगळे काढायचे आणि मगच खाली ऑगर (माती काढायचा गिरमिट) घालायचा. हा क्रम चुकला की वरची, सीझियमने भरलेली माती भोकात ढासळते आणि खालच्या थरात नसलेलं सीझियम ‘सापडतं’. ३० ते ४० सेंमीचा एक तुकडा वेगळा मोजावा. त्यात सीझियम दिसलं तर समजावं की खोली अपुरी पडली.

माती १०५ अंशांवर वाळवून २ मिमीच्या चाळणीतून काढायची. वर राहिलेले खडे फेकून द्यायच्या आधी त्यांचं वजन नोंदवा. ते राहून गेलं की चाळलेल्या मातीचा आकडा खड्यांच्याही वजनाला लागतो आणि संचय फुगतो.

हिशोब असा. १० कोअरचं क्षेत्रफळ सुमारे ६२० चौ. सेंमी, म्हणजे ०.०६२ चौ. मीटर. कोरड्या मातीचं वजन २४ किलो आणि मोजणी १.५ बेकरेल (सेकंदाला फुटणारे अणू) प्रति किलो निघाली असं धरू. एकूण ३६ बेकरेल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५८०. २०२५ मधली ही मोजणी १९६३ ला नेताना ४.२ ने गुणायचं, म्हणजे जवळपास २.४ किलोबेकरेल. इतक्या कमी सक्रियतेसाठी जर्मेनियम डिटेक्टरवर अर्धा किलो नमुना ८०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस ठेवावा लागतो. महिन्याला किती नमुने होतील हे गणित आधी मांडून मगच शेतात जा.

चांगल्या, न हललेल्या जागेतही कोअर-कोअरमध्ये २० टक्के फरक नेहमीचाच असतो. एका कोअरवरून आकडा छापणं म्हणूनच चूक.

सीझियम चिकणमातीतल्या इलाइट या खनिजाला घट्ट धरून बसतं, म्हणून ही पद्धत चालते. जिथे चिकणमातीच नाही तिथे ती फसते. १ मार्च १९५४ च्या ‘कॅसल ब्राव्हो’ची राख रोंगेलाप बेटावर पडली. मार्शल बेटांची ती माती प्रवाळाची. तिथे सीझियम पावसाबरोबर खाली झिरपतं, नारळाची झाडं पोटॅशियमच्या जागी ते शोषून घेतात, आणि किरणोत्सारी ऱ्हासापेक्षा लवकर ते मातीतून नाहीसं होतं. आपल्याकडच्या काळ्या कापसाच्या मातीचं दुखणं निराळं. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, वरची माती भेगेत जाते आणि पावसाळ्यात ती फुगून उलथापालथ होते. विदर्भ-मराठवाड्यात संदर्भजागा, म्हणजे तुलनेसाठी न हललेली जागा, शोधताना काळी रेगूर टाळलेली बरी.

जागेवरचा गॅमा स्पेक्ट्रोमीटर

डिटेक्टर तिवईवर एक मीटर उंचीवर, तोंड खाली. तो साधारण १० मीटर त्रिज्येचा पट्टा एकदम बघतो, त्यामुळे कोअरमधला तो २० टक्क्यांचा चढउतार आपोआप सरासरीत मिसळतो. एका दिवसात अनेक ठिकाणं होतात. मोठा भाग चाळायचा असेल तर याला तोड नाही.

पण याचं गणित एका गृहीतकावर उभं आहे, ते म्हणजे सीझियम किती खोल गेलंय. सीझियमचे ६६२ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे गॅमा किरण साधारण ६ सेंमी मातीत निम्मे होतात. धूळ पृष्ठभागावरच आहे असं धरलं आणि प्रत्यक्षात ती ८-१० सेंमी खोल असली तर उत्तर निम्म्याहूनही खाली येऊ शकतं, आणि स्पेक्ट्रमकडे बघून ते कळतही नाही. म्हणून दर काही ठिकाणांमागे एक कोअर थराथराने कापून खोलीचा आलेख काढावाच लागतो. ओली माती आणखी किरण अडवते, तेव्हा ओलावाही नोंदवा.

स्वस्त सोडियम आयोडाइड डिटेक्टर घ्यायचा मोह होतो. ताज्या, भरपूर धुळीसाठी तो चालतो. जुन्या, विरळ सीझियमसाठी नाही, कारण त्याच्या स्पेक्ट्रममधलं सीझियमचं शिखर ४५-५० केईव्ही रुंद पसरतं आणि शेजारच्या बिस्मथ-२१४ च्या ६०९ केईव्हीच्या नैसर्गिक शिखरात मिसळतं.

चिकट फिल्म

अमेरिकेत १९५० च्या दशकात ठिकठिकाणी एक फूट चौरस चिकट फिल्म जमिनीपासून ३ फुटांवर २४ तास उघडी ठेवायचे, न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत ती जाळून राखेतले बीटा किरण मोजायचे. रोजची तारीख सांगणारा हा साक्षीदार. १९९७ मध्ये नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने सुमारे ९० चाचण्यांचा आयोडीन-१३१ काउंटीवार काढला तो प्रामुख्याने याच नोंदी आणि पावसाच्या नोंदी जोडून. दोष दोन. फिल्मवर पडलेल्यापैकी थोडाच भाग चिकटतो आणि मुसळधार पावसात तोही धुऊन जातो, म्हणजे जिथे सर्वात जास्त पडतं नेमकं तिथेच फिल्म सर्वात कमी सांगते. शिवाय एकूण बीटावरून आयोडीन काढायला ती धूळ कुठल्या चाचणीची आणि किती दिवसांची, हे ठाऊक हवं.

पाऊस आणि मॉडेल

एकाच अक्षांशपट्ट्यात जागतिक फॉलआउट साधारण पावसाच्या प्रमाणात पडतो. एका जागेचा भरवशाचा कोअर असेल तर शेजारच्या जागेचा अंदाज पावसाच्या नोंदींवरून फुकटात निघतो. सह्याद्रीत मात्र जिल्ह्याची सरासरी घेऊ नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला जेमतेम पाचशे. सर्वात जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद घ्या.

हायस्प्लिटसारखं, वाऱ्याबरोबर धुळीचा प्रवास काढणारं हवामान-मॉडेल धूळ केव्हा पोचली हे बरं सांगतं, किती पडली हे कच्चं. ढगाची उंची किंवा एखादी पावसाची सर चुकली की उत्तर कित्येक पटींनी हलतं.

निवड

धुपीचा अभ्यास असेल तर पैसे कोअरवर घाला. जागेवरचा स्पेक्ट्रोमीटर उसना मिळाला तर कोअर कुठे घ्यायचे हे ठरवायला वापरा. विशिष्ट चाचणीचा डोस हवा असेल तर फिल्म किंवा त्या काळी मोजलेल्या गॅमा किरणांच्या दराच्या नोंदी, सोबत मॉडेल, आणि एकूण बेरीज जुळते का हे बघायला कोअर.

स्फोटस्थळाच्या जवळच्या जागेत एक खबरदारी घ्या. तिथे सीझियमवरून बाकीची धूळ ठराविक गुणोत्तराने काढू नका. सीझियम-१३७ बहुतांशी झेनॉन-१३७ या वायूपासून बनतं, ज्याचं अर्धायुष्य जवळपास चार मिनिटांचं. जड कण गोठतात तेव्हा ते वायूतच असतं, म्हणून जवळ पडणाऱ्या जाड धुळीत सीझियम कमी आणि झिर्कोनियम-९५ सारखे अणू जास्त. गुणोत्तर त्याच अंतरावरच्या मोजणीतून घ्या.