स्वस्त, झटपट आणि उत्तम : ॲप किंवा वेबसाइट करून घेताना गिऱ्हाईक नेमकं कुठे फसतं

पैसे कमी, काम लवकर आणि दर्जा एक नंबर, हे तिन्ही एकाच कोटेशनमध्ये कबूल केलं असेल तर त्यातलं एक खोटं आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी माणसं फसतात, कारण रक्कम दिसते, तारीख दिसते, कोडचा दर्जा दिसत नाही. लबाड माणूस दिसणाऱ्या दोन गोष्टी चोख पाळतो आणि सगळी कसर तिसरीत काढतो.

सुरुवात डेमोपासून होते. ॲडव्हान्स मिळाल्यावर आठवड्याभरात सगळे स्क्रीन तयार! बटणं दाबली जातात, याद्या उघडतात, आलेख हलतात. मागे माहिती साठवणारा डेटाबेसच नसतो. नावं नि आकडे थेट कोडमध्ये लिहून ठेवलेले असतात. ‘ऐंशी टक्के झालं’ म्हणून दुसरा हप्ता मागितला जातो. उरलेल्या वीस टक्क्यांत खरं काम असतं : लॉगिन, परवानग्या, पेमेंट मध्येच अडकलं तर काय, दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय.

हे पकडायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. डेमो त्यांच्या लॅपटॉपवर बघू नका, लिंक मागा. स्वतःच्या मनाने काहीतरी विचित्र नाव टाकून नोंद करा, लॉगआउट व्हा आणि दुसऱ्या फोनवर दोन खाती उघडून बघा. अधिकार असलेल्याला नोंद दिसलीच पाहिजे, नसलेल्याला दिसता कामा नये. मोबाइल नंबरच्या चौकटीत अक्षरं टाका. नावात एकेरी अवतरणचिन्ह टाका. डेटाबेसची एरर पडद्यावर आली तर एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे चौकटीत आज्ञा टाकून डेटाबेसमध्ये घुसायला, वाव असण्याची दाट शक्यता. मग ‘पासवर्ड विसरलो’ दाबा. ईमेलमध्ये तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा आला, तर तो हॅश न करता, म्हणजे मूळ रूप परत काढता येणार नाही असा न बदलता, साठवलाय. अशा माणसाला पुढचा हप्ता देऊच नये.

स्वस्ताईचं आणखी एक गुपित म्हणजे ‘नल्ड’ प्लगइन. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरची विकतची थीम (साइटचं रूप) किंवा प्लगइन (जोडसुविधा) लायसन्सची तपासणी काढून फुकट वाटली जातात. त्यांना अधिकृत अपडेट मिळत नाहीत आणि कित्येकांत चोरवाट ठेवलेली असते. साइट काही महिने छान चालते. मग गूगलवर तुमच्याच नावाखाली जुगाराची पानं दिसू लागतात. प्रत्येक विकतच्या प्लगइनचं लायसन्स आपल्या ईमेलवर घ्यावं.

उशीर झाला की ‘आणखी चार माणसं लावतो’ म्हणत बिल फुगवलं जातं. उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, असं संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. कारण माणसं वाढली की आपसात बोलण्याच्या जोड्या झपाट्याने वाढतात : तिघांत ३, सहांत १५, दहांत ४५. शिवाय नव्यांना समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात. घाई असेल तर स्क्रीन कमी करा.

मुलाखतीला अनुभवी, कामाला शिकाऊ, हा प्रकार तर जुनाच. गिटची (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) हिस्टरी बघून खात्री होत नाही, तिथे कुणाचंही नाव टाकता येतं. अधूनमधून स्क्रीन शेअर करायला लावून एखादा छोटा बदल समोर करून घ्यावा.

सगळ्यात महाग फसवणूक मात्र काम संपल्यावर कळते. डोमेन (साइटचा पत्ता) त्यांच्या खात्यात, होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) त्यांचं, प्ले स्टोअरचं खातंही त्यांचंच. मग दरवर्षी नूतनीकरणाला मागेल ती रक्कम. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या मालकांच्या जाहीर नोंदीत, नाव बघून भागत नाही. २०१८ पासून तिथली वैयक्तिक माहिती बहुतेक झाकलेली असते. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) खात्यात स्वतः लॉगिन करून नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारा) बदलता येतो का, एवढंच तपासा. संपलेलं डॉट कॉम डोमेन रजिस्ट्रारने काढून टाकलं की ३० दिवस जबर शुल्क भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतं. अँड्रॉइड ॲपचं हस्तांतर मूळ खात्यातूनच सुरू करावं लागतं. कंत्राटदाराने नकार दिला तर नवं पॅकेज नेम (प्ले स्टोअर ॲपला ज्या नावाने ओळखतं ते), शून्य रेटिंग, आणि जुन्या वापरकर्त्यांना अपडेट नाही. बऱ्याच देशांत बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट लेखी हस्तांतर नसेल तर त्याच्याकडेच राहतो, बिल चुकतं केलं तरी.

म्हणून रेपॉझिटरी (सगळा कोड ठेवायचं कोठार) पहिल्या दिवसापासून आपल्या खात्यात हवी, आणि शेवटचे १५ ते २० टक्के अडकवून ठेवावेत. ते कधी सोडायचे? कामाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डेव्हलपरने रेपॉझिटरी आणि बॅकअप घेऊन रिकाम्या सर्व्हरवर सगळं उभं करून दाखवलं की. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात, आणि ते वसूल होतात. अशा वेळी हटकून सापडतं ते असं : डेटाबेसचे तक्ते बनवणाऱ्या फाइली गायब, बॅकअप अर्धवट, पेमेंट आणि एसएमएसच्या एपीआय की (त्या सेवा वापरायच्या गुप्त किल्ल्या) कोडमध्येच. फाइल पुसली तरी ती किल्ली गिटच्या हिस्टरीत शिल्लक राहते, त्यामुळे ती रद्द करून नवी घ्यावी लागते. आणि किल्ल्या बदलण्याचं हे काम जुन्या कंत्राटदाराचे लॉगिन बंद केल्यावरच करायचं.