डेअरीचं शेवाळ-खत: पालकाला झकास, पण युरिया बंद करू नका

आमच्या तालुक्यात एका दूध डेअरीनं सांडपाण्यावर हिरवं शेवाळ वाढवून त्याचं द्रवखत विकायला काढलंय, 20 लिटरचा कॅन. बरेच जण विचारायलेत म्हणून लिहायलो.

आधी चांगलं सांगतो. डेअरीच्या पाण्यात नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) भरपूर, नाल्यात सोडलं की नाला सडतो. ह्यांनी तेच पाणी वीतभर खोल हौदात घेतलंय, चाक लावून फिरवत ठेवतात, क्लोरेला नावाचं बारीक शेवाळ ते नत्र-स्फुरद खाऊन वाढतं. मातीत गेलं की कुजून हळूहळू तेच पिकाला देतं, युरियासारखं एका पाण्यात खाली निघून जात नाही. पालकाच्या अर्ध्या वाफ्याला आळवणी केली (मुळाशी ओतलं), अर्धा तसाच ठेवला, फरक लांबून दिसतोय, पान रुंद अन् काळपट हिरवं. मेथीला काही विशेष नाही, ती शेंगवर्गातली, तिच्या मुळावर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी असतातच.

आता पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय 'युरियाला पर्याय'. अहो कशाचा पर्याय? हौदातल्या लिटरभर पाण्यात सुकं शेवाळ जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम, त्यात नत्र सात-आठ टक्के धरा, म्हणजे अख्ख्या कॅनमधल्या शेवाळात फार तर दीड ग्रॅम नत्र आलं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो असतं! दहापट घट्ट करून दिलं तरी पंधरा-सोळा ग्रॅम, अन् घट्ट करणं पण सोपं नाही, पेशी इतक्या बारीक की फडक्यातनं सरळ पार होतात, सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून वेगळं करणारं यंत्र) लावावं लागतं, ते वीज खातं. कापसाच्या वावराला हे पुरणार कसं?

वर विकणारा पोरगा म्हणतो, दादा हे हवेतलं नत्र ओढतं. ते निळं-हिरवं शेवाळ रे बाबा, अ‍ॅनाबिना, नॉस्टॉक, भाताच्या खाचरात वापरतात ते. क्लोरेलाला पाण्यात नत्र असलं तरच मिळतं. सोयाबीनसाठी हवेतलं नत्र पाहिजे असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं रायझोबियम (मुळावर गाठी करणारे जिवाणू) बियाण्याला लावा, स्वस्तात काम होतं.

कॅन घेताना झाकण उघडून वास घ्या. मला दुकानातून मिळालेला एक उन्हात पडलेला होता, फुगलेला, उघडला तर नासक्या ताकाचा भपकारा. बदलून दिला, पण लई कुरकुर करून. ठिबकमधून सोडणार असाल तर आधी गाळा, गुठळ्या ड्रिपरमधी बसतात. कच्च्या खायच्या भाजीवर फवारू नका, मुळाशीच द्या, शेवटी सांडपाणीच आहे ते.

5 पैकी 3. रोपवाटिका अन् पालेभाजीपुरतं मी परत घेणार, पण मे महिन्यात नाही, पारा 42 च्या वर गेल्यावर हौदातलं शेवाळ कितपत तग धरतं ते आधी जाऊन बघणार.