रास्पबेरी पाय ५ चा ॲक्टिव्ह कूलर: घ्याच, पण विदर्भात राहत असाल तर सेटिंग बदला

रास्पबेरी पाय ५ म्हणजे हातावर मावणारा, एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर. हा पाय ५ घेतला की लोक विचारतात फॅन लागतोच का. नुसतं पाय-होल (घरच्या नेटवर जाहिराती अडवणारा प्रोग्राम) चालवायचं असेल तर नाही लागला तरी चालतं, पण माझ्या पायवर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारा) आहे, जेलीफिन (घरचे सिनेमे-गाणी दाखवणारा) आहे, वरून अधूनमधून काहीतरी कंपाइल करत, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवत बसतो, आणि आम्ही राहतो अकोल्यात. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, दुपारी लाइट गेली की खोलीत ४० कुठे गेलं नाही. पाय ८० डिग्रीला पोचला की स्वतःच स्पीड कमी करायला लागतो आणि ८५ ला तर पार हात टेकतो, मग २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घेऊन काय करता राजेहो.

म्हणून रास्पबेरी पायवाल्यांचाच ॲक्टिव्ह कूलर घेतला. २०२३ मध्ये आला तेव्हा तिकडे ५ डॉलरला होता, मला इथे साधारण पाचशेच्या आसपास पडला. ॲल्युमिनियमचं हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा), त्यावर छोटा ब्लोअर, खाली उष्णता पोचवणारे मऊ थर्मल पॅड आधीच चिकटवलेले. दोन स्प्रिंगवाल्या पिना बोर्डाच्या भोकांत दाबायच्या, स्क्रू वगैरे काही नाही. चार पिनांचं कनेक्टर यूएसबी पोर्ट आणि जीपीआयओच्या (बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिनांची रांग) मधे आहे, त्यावर प्लास्टिकची टोपी असते ती आधी काढा, वायर बारीक आहे, ओढाताण करू नका. आणि एकदा बसवला की काढायचा नाही असं कंपनीच सांगते, पिना आणि पॅड दोन्ही खराब होतात, त्यामुळे केस, हॅट (पायवर बसणारा जोड-बोर्ड) काय लावायचं ते आधीच ठरवा.

चालू केल्यावर फॅन क्षणभर फिरतो आणि थांबतो. बिघडलेला नाही! बूट होताना बोर्ड फॅन आहे का ते तपासतं, मग ५० डिग्रीला हळू सुरू, ६० ला थोडा जोरात, ६७.५ ला अजून, ७५ ला फुल. हिवाळ्यात तर फॅन आहे हेच विसरायला होतं.

खरी गंमत उन्हाळ्यात. हे ५० डिग्रीचं गणित थंड देशातल्या माणसाने मांडलंय हे लगेच कळतं. खोलीच ४० वर असली तर पाय काही न करता पन्नाशीच्या वर बसतो, म्हणजे फॅन दिवसरात्र चालूच, आणि कितीही फिरला तरी खोलीपेक्षा थंड तर करू शकत नाही ना. आवाज फार नाही, पण बेडरूममध्ये ती बारीक शिट्टी रात्री कानात बसते. मी पायच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये फॅनची पहिली पायरी ५८ आणि दुसरी ६३ केली (आकडा हजारपट लिहायचा, म्हणजे ५८०००), बाकी दोन तशाच ठेवल्या. आता मधूनमधून लागतो आणि ५ डिग्री उतरला की बंद होतो. चारही कोर फुल लोडवर टाकले तरी भर दुपारी सत्तरीच्या घरात राहतो, स्पीड कमी होत नाही. पाचशे रुपयांत अजून काय पाहिजे.

तक्रार एकच, धूळ. डेझर्ट कूलरसमोर पाय ठेवला तर ब्लोअरच्या पात्यांवर ओली धूळ चिकटते, आणि काढून साफ करायची सोय नाही म्हणून ब्रश आणि हवेच्या पंपावर भागवावं लागतं.

ते शंभर रुपयांचे दोन वायरवाले फॅन आहेत, ते या कनेक्टरला लागत नाहीत, ५ व्होल्टच्या पिनेला लावले तर कायम फुल स्पीडने भणभण. ३.३ व्होल्टला लावले तर शांत होतात पण हवा पण तेवढीच. पाय ४ वाल्यांना मात्र तेच किंवा धातूची केस, कारण हा कूलर पाय ४ वर बसतच नाही, तिथे ती दोन भोकंही नाहीत आणि फॅनचं कनेक्टरही नाही.